कार्डं नीट लागेपर्यंत

३ मार्च

ही डायरी मला जानेवारीत मिळाली आणि पहिलं पान आज लिहितोय. मधल्या काळात रोज ठरवत होतो. आधी पेन बरं नव्हतं. पेन मिळालं तेव्हा थंडी होती. मग पाकिस्तानच्या दौऱ्याच्या बातम्या सुरू झाल्या आणि डोकं तिकडे गेलं. शिवाय डायरी २००३ सालची आहे, आयटी पार्कच्या गेटवरच्या वॉचमनने उरलेल्यांतली दिली. तारखा चालतात, वार जुळत नाहीत.

आज बसलो कारण मला काम मिळालंय आणि तेही विश्वासाने. असं पहिल्यांदाच होतंय, तर नोंद असावी.

मी राहतो हडपसरला सोनबातात्यांकडे. त्यांच्या शेतात आता काचेची इमारत उभी आहे. घरामागे त्यांनी भाड्याला पत्र्याच्या खोल्या काढल्यात, त्यातली कोपऱ्यातली माझी. मी मूळचा उमरखेडचा. आयटीआय अर्धं, हार्डवेअरचा कोर्स अर्धा, कुरिअरची नोकरी पाऊण.

तात्यांच्या घरात वरच्या मजल्यावर रस्त्याकडची एक खोली कुलपात असते. ती त्यांच्या मुलाची, विश्वजीतची. तो इथे नसतो. कुठे असतो ते कोणी बोलत नाही, म्हणजे अमेरिकेत असणार. तात्यांना ती खोली सॉफ्टवेअरच्या पोरांना भाड्याने द्यायची आहे. मथुरामावशींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यांच्याकडून शब्द घेतलाय की विश्वजीतची क्रिकेटची कार्डं नीट लागेपर्यंत खोलीला हात लावायचा नाही. तात्या म्हणाले, लावा मग, कोण अडवतंय. ती कार्डं लावायचं काम माझं. खोकी, फाइली, काय लागेल ते मी बघायचं, आणि काम चालू असेपर्यंत दोन्ही वेळचं जेवण मावशींकडे.

मी विचारलं, मीच का? तुमचा पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, तो हुशार आहे.

"त्यो दोन दिसांत उरकून मोकळा व्हईल," मावशी म्हणाल्या. "तुजं बरं असतंय. निवांत."

माझ्याबद्दल इतकं चांगलं कोणी बोललेलं मला आठवत नाही.

६ मार्च

खोली उघडली. कॉट, टेबल, कापडाखाली जुना कॉम्प्युटर. कार्डं तीन ठिकाणी आहेत: बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, बुटांच्या खोक्यात आणि कॉटखालच्या ट्रंकेत. बहुतेक च्युइंगमबरोबर यायची ती, मागे धावा नाहीतर विकेटा छापलेली. उमरखेडला आम्ही ती मिळवायचो आणि संध्याकाळपर्यंत दुसऱ्याला हरायचो. ह्याने एकही हरलेलं दिसत नाही. पण रबरबँड वितळून कडांना चिकटलेत आणि सगळ्याला डांबरगोळ्यांचा वास आहे.

ट्रंकेच्या तळाशी लग्नपत्रिकांचे गठ्ठे निघाले. चि. विश्वजीत आणि चि. सौ. कां. राजनंदिनी, मे २००२. काही गठ्ठ्यांची छापखान्याची सुतळीही सुटलेली नाही. एवढ्या उरल्या म्हणजे अंदाज फारच चुकला. मावशी म्हणाल्या, टाकवत न्हाईत, वर गणपती हाय. कागद जाड आणि गुळगुळीत आहे. संघासंघांच्या मध्ये लावायला ह्याचे आडवे तुकडे छान होतील, मी म्हटलं. मावशींनी एक पत्रिका हातात घेतली. मग म्हणाल्या, "काप. गणपती तेवढे कापून मला दे."

दुपारी तात्या वर आले. एक कार्ड उचललं, लांब धरून पाहिलं. हे मी आणलं होतं सासवडच्या बाजारातून, म्हणाले, चार गोळ्या घेतल्या तेव्हा हा एक निघाला. मग त्यांना पत्रिका दिसल्या.

"मांडव पडला व्हता दारात," ते म्हणाले. "सगळं गाव जेवाया आलं व्हतं. नवरदेव कुठं व्हता इचार."

मी विचारलं, कुठं होता? ते जिना उतरून गेले. कार्ड त्यांच्या हातातच राहिलं, नंतर मागून घेतलं पाहिजे. बहुतेक व्हिसाची तारीख आली असेल. त्या लोकांचं असंच असतं, अचानक.

११ मार्च

खोकी शोधतोय. मिठाईची खोकी मापाला बरोबर बसतात. मावशी म्हणाल्या, मुंग्या लागतील. बुटांची नवी खोकी आणली, तर लेकराची चीजवस्तू पायताणाच्या खोक्यात ठेवू का, म्हणाल्या. मी म्हटलं, आत्ताही ती बुटांच्या खोक्यातच आहेत. "त्येनं ठिवली, त्येची मर्जी." स्टीलचा डबा तापतो, प्लॅस्टिकचा डबा घामेजतो, लाकडाला वाळवी लागते. मावशींना सगळ्याचं काहीतरी माहीत असतं. फार बारकाईने बघणारी बाई आहे. मला हे जमणार नाही की काय, असं मधूनच वाटतं.

आज खोकी बघायला मंडईत निघालो होतो. गाडीतळावर एक टेंपो बंद पडलेला, धक्का दिला. ड्रायव्हर माहूरकडचा निघाला. त्याच्याबरोबर यवतपर्यंत गेलो आणि संध्याकाळी गुऱ्हाळावरचा रस पिऊन परत आलो. मला वाटलं मावशी चिडतील, पण त्यांनी जेवायला वाढलं आणि म्हणाल्या, मंडई काय पळून जातीय का.

१६ मार्च

सदाशिव पेठेत पोस्टाची तिकिटं आणि नाणी जमवणाऱ्यांच्या सामानाचं एक दुकान आहे. मालक अनंत गद्रे. बोळासारखं दुकान, एक माणूस आत असला की दुसऱ्याने पायरीवर थांबायचं.

मी म्हटलं, खोकं हवंय, किंवा फाइल, किंवा अल्बम.

"ठरवून सांगता की मी तेवढ्यात जेवून येऊ?"

सगळं सांगितलं. त्यांनी नाव विचारलं. नागोराव, मी म्हटलं.

"तुमचं विचारलं. आजोबांचं नव्हे."

माझं वय बघून हे सगळेच म्हणतात, पण ह्यांनी मान वर न करता म्हटलं. मग एक पान काढून दाखवलं. कडक, स्वच्छ, वास नसलेलं, एका पानाला नऊ कप्पे, रिंगफाइलीत अडकवायचं. कार्ड पुढून-मागून दिसतं. कप्प्यांची पानं रोज बघायच्या कार्डांना, खोकी डबल असलेल्यांना, असं त्यांनी सांगितलं. आणि फुटपाथवरचे मऊ, वासाचे अल्बम घेऊ नका, ते प्लॅस्टिक उन्हाळ्यात शाई धरतं. मी हो म्हटलं.

पण पानं त्यांच्याकडे चारच होती. मुंबईहून मागवावी लागतात आणि आली की बिबवेवाडीचं एक गिऱ्हाईक सगळी उचलतं. तोही क्रिकेटच्या कार्डांवालाच. शनिवारी येतो. "तो निदान माप घेऊन येतो," गद्रे म्हणाले.

म्हणजे पुण्यात असे दोन वेडे आहेत. रात्री जेवताना हे गंमत म्हणून सांगितलं. मावशींच्या हातातली भाकरी तव्यावरच राहिली, करपली. मग त्यांनी विचारलं, "बारीक झालाय का?"

मी म्हटलं, मी कुठं पाहिलाय त्याला, आणि आधी कसा होता ते मला कसं माहीत असणार. तात्या अर्ध्या ताटावरून उठले. उन्हाने त्यांची भूक मेलीय. मावशी एवढंच म्हणाल्या की पुढच्या खेपेला शनिवारी जा, शनिवारीच जा.

२२ मार्च

शनिवार धरून गेलो. दुकानात गद्रे एकटेच. बिबवेवाडीचे येऊन गेले का, विचारलं.

"ते शनिवारी येतात. आज सोमवार आहे. तुमच्याकडे काय आहे मला माहीत नाही."

डायरी पाहून निघालो होतो. मागच्या वर्षीचे वार. काम नसलं की वार कळतच नाहीत, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. पानंही आली नव्हती. परत येताना पर्वती दिसली म्हणून चढलो.

मावशी दारातच उभ्या होत्या. सोमवार होता हे त्यांना माहीत होतं, पण मला वाटलं तू नुसताच चाललायस, म्हणाल्या. आज पहिल्यांदा त्या जरा चिडल्यासारख्या वाटल्या. पानं आली नाहीत म्हणून असेल.

२ एप्रिल

मधले दिवस मॅचमध्ये गेले, लिहिण्यासारखं काही झालं नाही. पुढच्या शनिवारी गेलो होतो, पण सारसबागेपाशी ओळखीचा पोरगा भेटला आणि दुकान बंद व्हायची वेळ झाली.

आज एजंट तीन पोरांना घेऊन खोली बघायला आला. गळ्यात कंपनीची ओळखपत्रं, हिंदीत बोलत होती. मी जमिनीवर पत्रिका कापत बसलो होतो. एकाने विचारलं, खाली कब होगा? तात्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"ह्यो आमचा कार्डवाला. ह्येचं उरकलं की खोली तुमची. ह्येच्या जल्मात कंदी काय उरकलंय, ते ह्येलाच इचारा."

पोरं हसली. वाईट हसली नाहीत, सहज हसली, आणि तेच मला लागलं. आयटीआयचं ऐकून बाबा असेच हसले होते. मावशी दारात होत्या, त्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, घाई न्हाई त्येला, करंल त्यो.

पण मला आता घाई आहे.

९ एप्रिल

मावशी बहिणीच्या गावच्या जत्रेला गेल्यात. त्या यायच्या आत सगळं संपवून दाखवायचं ठरवलं आणि संपवलं. विश्वास बसत नाही, पण संपवलं.

गद्र्यांची पानं अजून आलेली नाहीत. स्वारगेटजवळ फुटपाथवर अल्बम मिळाले, निळ्या पाठीचे. थोडा वास आहे, पण काम अडून राहण्यापेक्षा बरं. कप्पे मऊ आहेत, कार्ड चटकन सरकतं. देशाप्रमाणे कार्डं लावली, देशात आधी फलंदाज, मग गोलंदाज. मध्ये पत्रिकांचे तुकडे घातले, कोरी बाजू वर. डबल असलेली एका लांब खोक्यात उभी लावली. तात्यांनी ते सासवडचं कार्ड आणून दिलं, कुठं बसतंय बघ म्हणाले, आणि बसवेपर्यंत थांबले. ते त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं, अजून गरम होतं. पहिल्या पानावर पहिलं लावलं.

टेबलावर अल्बमांची ओळ लावून कॉटवर बसलो आणि नुसता बघत राहिलो. आयुष्यात एवढं सरळ मी काही लावलेलं नाही.

१३ एप्रिल

मावशी आल्या. मी त्यांना हात-पायसुद्धा धुऊ दिले नाहीत, आधी वर नेलं. त्यांनी एक अल्बम उघडला, बंद केला. टेबलावरून हात फिरवला.

"झालं व्हय," म्हणाल्या. "येवढ्या लवकर."

मी म्हटलं, सगळं. एकही बाहेर नाही.

"ग्वाड झालं," म्हणाल्या आणि चहा टाकायला खाली गेल्या. चहात साखर नव्हती. प्रवासाने दमल्या असतील. तात्यांनी रात्रीच रंगवाल्याला निरोप दिला. एक मेपासून पोरं राहायला येणार.

मला वाटलं होतं, त्या काहीतरी म्हणतील. काय, ते मी ठरवलेलं नव्हतं.

२७ एप्रिल

ऊन असं आहे की माझ्या पत्र्याखाली दुपारी माठातलं पाणीही कोमट लागतं. वरची खोलीही तापते, तिथे पंखा लावायला कोणी नसतं. रंगवाला उद्या येणार म्हणून मी अल्बम खाली आणायला गेलो. एक उघडला तर पानाला पान चिकटलेलं. कार्ड बाहेर काढायला गेलो तर ते येईना. कोपरा जरा ओढला, तर खेळाडूची टोपी प्लॅस्टिकवर राहिली.

बाकीचे अल्बम पाहिले. सगळे तसेच.

गद्र्यांनी सांगितलं होतं. मी हो म्हटलं होतं. ते सांगत असताना मी समोरच्या काचेतल्या निजामाच्या नाण्याकडे बघत होतो, हे मला आत्ता आठवतंय.

पळून जावं असं वाटलं. पिशवी भरलीही. उमरखेडची गाडी संध्याकाळी असते. मग मावशींकडे गेलो, कारण जेवायची वेळ झाली होती आणि न जेवता जाणं बरं दिसलं नसतं. सगळं सांगितलं. म्हटलं, नासवली मी. कार्डं ओढली तर चेहरे निघून येतील, आणि ठेवली तर अजून धरतील. केलेलं काम मातीत गेलंय, सगळं पुन्हा करावं लागेल.

"समदं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, सगळं. पहिल्यापासून.

त्यांनी पदराने तोंड पुसलं. मला वाटलं, रडतायत. पण त्या उठल्या, चुलीपाशी गेल्या आणि माझ्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. मग तात्यांना मोठ्याने हाक मारून सांगितलं, अहो, कार्डं नीट लागली न्हाईत, त्या पोरांना न्हाई म्हणून कळवा, शब्द दिलाय तुमी. तात्या माझ्याकडे बघत राहिले. शिव्या देतील असं वाटलं, पण ते एवढंच म्हणाले, "आन् सासवडचं?"

मी म्हटलं, तेही.

रात्री पिशवी रिकामी केली. लोणी कशाबद्दल, ते मला कळलेलं नाही. त्या कार्डांपायी मावशी जीव टाकतात, आणि ती खराब झाल्याचं ऐकून बाई तरतरीत होते. गद्र्यांना विचारायची सोय नाही. ते मलाच काहीतरी म्हणतील.

२९ एप्रिल

गद्र्यांकडे गेलो. मी नेलेला अल्बम त्यांनी उजेडात धरून पाहिला, वास घेतला आणि काउंटरवर ठेवला.

"हा अल्बम तुम्हाला मी विकला?"

मी नाही म्हटलं.

"आभारी आहे." मग म्हणाले, ह्यावर मला उपाय माहीत नाही, तिकिटं असती तर सांगितलं असतं. बिबवेवाडीवाल्यांना विचारा, त्यांची एकदा अशीच चिकटली होती. पण परवा महाराष्ट्र दिन, दुकान बंद. ते पुढच्या शनिवारी येतील. "पुढचा शनिवार म्हणजे आठ तारीख. तुमच्या पंचांगात काहीही असो."

माझ्या शनिवारांचा मलाही भरवसा राहिलेला नाही, म्हणून चिठ्ठी लिहून ठेवली. हडपसरला सोनबातात्यांच्या घरी विश्वजीतची क्रिकेटची कार्डं आहेत, ती माझ्या चुकीने प्लॅस्टिकला धरली आहेत, ओढावीत की ठेवावीत कळत नाही, उपाय कळवावा, घरी सर्वांना काळजी आहे. खाली नाव घातलं. गद्र्यांनी चिठ्ठी वाचली, जपून घडी केली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली.

मावशींना सांगितलं, चिठ्ठी ठेवलीय. काय लिहिलंस, त्यांनी मला दोनदा म्हणून दाखवायला लावलं. "सर्वांना काळजी आहे," हे तुला कोणी सांगितलं, तात्यांनी बाहेरून विचारलं. मी म्हटलं, तशी लिहायची पद्धत असते.

८ मे

दुपारी लिहितोय, जेवायचं राहूनच गेलं. उन्हाने असेल.

मी, तात्या आणि मावशी ओट्यावर होतो. घरासमोर रिक्षा थांबली आणि एक मुलगी उतरली. हातात गद्र्यांच्या दुकानाची पिशवी, पिशवीत ती कडक पानं, गठ्ठाच्या गठ्ठा. सरळ पायऱ्यांपर्यंत आली आणि मला विचारलं, नागोराव तुम्हीच का? कार्डं ओढू नका. अल्बमसकट फ्रिजमध्ये ठेवायची, रात्रभर, प्लॅस्टिक कडक होतं आणि सोडून देतं, सगळी नाही पण बरीच निघतात. एका दमात पाठ केल्यासारखं म्हणाली. मग विचारलं, "फ्रिज कुठं आहे?"

आणि आत यायला पाय उचलला.

"थांब," मावशी म्हणाल्या. "हितंच उभी ऱ्हा. आत येऊ नगंस."

मुलगी जागच्या जागी थांबली. तिचा चेहरा उतरला. मावशी झटकन आत गेल्या. मी म्हटलं, तुमचं नाव? म्हणाली, तेजस्विनी, बिबवेवाडीहून आले, विश्वजीतची बायको. पत्रिकेवर राजनंदिनी होतं. मी स्वतः पन्नासेक कापल्यात, नाव चुकणार नाही. म्हणजे विश्वजीत अमेरिकेत नाही. म्हणजे बाकीचंही मला वाटलं तसं नाही. पण त्याचा विचार करायला तिथे वेळ नव्हता.

तात्या पेपर वाचत होते. पेपरमागून म्हणाले, "रिक्षात कोन हाय?"

"तेच आहेत," ती म्हणाली. "आपण बोलावल्याशिवाय उतरणार नाही म्हणतात."

रिक्षात एक माणूस पलीकडे तोंड करून बसला होता. मानेचा तेवढा भाग दिसत होता. इंजिन चालूच होतं.

मावशी बाहेर आल्या. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. हे आमच्याकडेही करतात, सून पहिल्यांदा दारात आली की. त्यांनी तुकडा तिच्यावरून ओवाळून टाकला आणि पाणी तिच्या पावलांशी ओतलं. पाणी सगळं ओतलं नाही. आणि मुठीत भाकरीचा अजून एक तुकडा होता, तो धरून त्या रिक्षाकडे बघत उभ्या राहिल्या.

तात्यांनी पेपराचं पान उलटलं. मग घडी केली.

"नागोराव," म्हणाले, "जा. ती रिक्षा सोडून दे."

मी गेलो. मागच्या सीटवरचा माणूस माझ्याकडे वळला. बारीक आहे की जाड, ते मावशींना सांगायचं होतं म्हणून मी नीट पाहिलं, पण आधी कसा होता ते मला अजूनही माहीत नाही. मी म्हटलं, तात्यांनी रिक्षा सोडायला सांगितलीय.

तो हलला नाही. त्याने विचारलं, "सासवडचं एक कार्ड होतं. ते ओढलं नाहीत ना?"

मी म्हटलं, नाही. पहिल्या पानावर आहे, तात्यांनी स्वतः लावून घेतलंय.

तेव्हा तो उतरला.